उशीतली सुई

माही पोरगी पाच महिन्याची होती तवा मी सोताच्या हातानं तिच्या उशीत एक सुई शिवून ठेवलती. तिले नजर लागू नये, ते झोपेत दचकू नये म्हनून. त्या पाच दिवसाचं मी गंज वर्सं, पन्नासाच्या वर, कोनापाशी बोलली नाई. जिले सांगाले पायजे होतं तिलेच नाई सांगतलं. आता तिले सांगून झालं, मंग बाकीच्यायले सांगाले काय हरकत हाय.

स्वराज्य येऊन पाच-सात वर्सं झाली असतीन. आंजीच्या बाजाराले लोकं ज्या वाटेनं जातेत त्या वाटेवर आमचं गाव. नवरा कापसाच्या जिनात कामाले जाये. पोरगी पोटात होती तवाच तो तापानं गेला, चार दिवसाच्या तापानं. घरात मी अन् सासू. सासूले मी आत्याबाई म्हनो. पोरगी झाली, सव्वा महिना झाला, अन् मी दवाखान्यात धुन्याच्या कामाले लागली. कोनता दवाखाना ते सांगत नाई. तठचे लोक वाईट नवते, अन् आता त्यायच्यातलं कोनी राह्यलं बी नसन.

काम असं का, जखमायच्या पट्ट्या, फडकी, चादरी, सारं बाल्ट्यायनं आमच्याकडे ये. आमी तीन बाया. हौदावर रगत काढाचं, सोड्याच्या पान्यात उकळाचं, तारेवर वाळू घालाचं, अन् वाळल्यावर पट्ट्यायच्या गुंडाळ्या करून परत द्याच्या. तठी कोनी काही फेकत नसे. सारे खादीवाले, सूत कातनारे लोक. चिंधी बी फेकली त मॅनेजर आवाज दे, "हे कोणी टाकलं?" चारदा धुतलेली पट्टी पाचव्यांदा धुवाची. म्हनून आमाले सवयच होती, बाल्टीत जे येईन ते कामाचं हाय, ठेवून द्याचं.

पलीकडच्या टोकाले एक खोली होती. त्या खोलीत जाचं नाई, एवढं आमाले सांगतलं होतं. काऊन जाचं नाई ते नाई सांगतलं. सिस्टरबाई बी आत जाये अन् लवकर बाहेर ये. दारातूनच बाल्टी द्याची. आमच्यातली एक जुनी बाई म्हने, "महारोग असन." दुसरी म्हने, "महारोग्याच्या खोलीत त ह्याच सिस्टरबाई तास-तास बसतेत वो, हे दुसरंच काही हाय." एवढ्यावर आमचं बोलनं संपे. उकळत्या पान्यात सारंच मरते, असं आमी धरून चाललतो.

एक दिवस त्या खोलीची बाल्टी आली. कापसाचे बोळे, लाळेनं भरलेली फडकी. एका फडक्याच्या घडीत बोटाले काही टोचल्यासारखं लागलं. काढून पाह्यलं त सुई. बोटाच्या एका पेराएवढी, जाड, पांढरी. टोक असून नसल्यासारखं. नाकात काळा रेशमाचा दोरा ओवलेला, थोडासा तुटलेला. अन् एवढीशी सुई, पन हातावर घेतली त जड. मी ते धुतली अन् पदराच्या गाठीत बांधली. चोरी केली असं मनात बी नाई आलं. सुईले कोन इचारते?

घरी आठ दिवसापासून आत्याबाईचं एकच चाललं होतं. पोरगी रात्री दचकून उठे, डोळे फिरवे, रडे. आत्याबाई म्हने, उशाखाली लोखंड ठेव. आमच्याकडे तान्ह्या लेकराच्या उशाशी इळा ठेवतेत, चाकू ठेवतेत, काही नसलं त सुई. घरात इळा एकच. तो घेऊन आत्याबाई पहाटेच गवताले जाये. म्हनून मी संध्याकाळी सुई काढून दाखवली.

"हे काय आनलं वो?"

"सुई."

"सुई म्हंते! टोक कुठी हाय हिले? हिनं काय शिवशीन, भजे?"

"शिवाले नाई. पोरीच्या उशाले."

तिनं हातावर तोलून पाह्यली. "लय जड हाय. चांदीची त नाई?"

"चांदीची असती त बाल्टीत आली असती?"

"अन् काळा दोरा बी ओवला हाय. याच कामाले कोनी केली असन. घाल उशीत."

पोरीची उशी मोहरीची होती, डोकं गोल व्हावं म्हनून. त्या उशीच्या कडेले मी सुई आतून शिवली, टोचू नये म्हनून वरून दुहेरी कापड लावलं. माही पोरगी नेहमी उजव्या अंगाले मान करून झोपे, दाराच्या उजेडाकडे. मी त्याच अंगाले शिवली. म्हनलं, जवळ असली त बरं.

आनि खरं सांगते, पोरगी त्या पाच दिवसात मस्त झोपली. आत्याबाई साऱ्या आळीले सांगत फिरे. "लोखंडाचा गुन हाय बाई, माही सून ऐकतच नवती."

सहाव्या दिवशी मी कामावर गेली त हौद रिकामा केलता. सिस्टरबाई सोता पदर खोचून तळाचा गाळ चाळनीनं चाळून राह्यल्या होत्या. चुलीतली राख बाहेर काढलती. धुतलेल्या साऱ्या गुंडाळ्या पुन्हा उलगडून ठेवल्या होत्या. मंग दुपारी नागपूरहून एक मास्तर आला, कॉलेजातला. त्याच्या गळ्यात डबा, कानाले नळी. तो डबा हातभर पुढं धरून हळूहळू चाले, अन् डब्यातून मधूनच कट्... कट्... असा आवाज निघे, ओल्या लाकडात किडा कुरतडतो तसा.

आमा तिघीले भिंतीले उभं केलं. माह्याजवळची जुनी बाई म्हने, "काय वो, हा डबा पोटातलं सांगते का?"

"तुह्या पोटातली भाकर मोजते."

"मंग मोजू दे, कालपासून एकच खाल्ली हाय."

मास्तरनं तिच्याभवती डबा फिरवला, मंग माह्याभवती. पदर, हात, पाय. डब्यानं माह्यापाशी काहीच नाई म्हनलं. तसाच अधूनमधून कट्, कट्. मास्तर पुढं गेला. मी सिस्टरबाईले इचारलं, "बाई, काय हरवलं?"

"सुई." त्यायनं चाळनी खाली ठेवली. "त्या खोलीतल्या म्हाताऱ्याच्या जिभेत लावलेली. काल काढताना एक कमी भरली. रेडियमची, आजार जाळायची सुई. दिसत नाही पण जळत असते ती, दिवसरात्र. ज्याच्याजवळ राहील त्याला आतून जाळते. कोणाला सापडली तर हात लावू नका, सांगा फक्त."

कान बंद झाले. म्हातारा कोन, जीभ कोनाची, काही ऐकू आलं नाई. मले फक्त पोरीचा उजवा कान दिसे, उशीवर टेकलेला. मी सुट्टी नाई मांगतली, कोनाले सांगतलं नाई. गेटातून निघाली अन् दोन कोस पळाली. पळता पळता एकच मोजून राह्यली होती. पाच दिवस. रात्री धरून पाच दिवस. सकाळी आत्याबाई गवताले जाये तवा बी पोरगी त्याच उशीवर राहे.

घरी पोरगी झोपलेलीच होती. मी पह्यले तिले ओढून घेतलं, मंग उशी चिमट्यानं उचलून अंगनात फेकली.

"काय झालं वो? साप हाय का?" आत्याबाई दारात आली.

"सुई जळते म्हंतेत."

"कोनती सुई? थंडी हाय ते, मी रोज हात लावून पाह्यते."

"दिसत नाई म्हंतेत. दिसत नाई पन जाळते."

आत्याबाईनं सोताच्या हाताकडे पाह्यलं. मंग पोरीच्या डोक्याकडे. डोकं चांगलं होतं. काळे मऊ केस, जसेच्या तसे. "काही त झालं नाई," ते म्हने. मले बी काहीच दिसे ना. तवा मले पह्यल्यांदा भेव कशाले म्हंतेत ते समजलं. साप चावला त दात उमटतेत.

इळ्यानं उशी फाडली, सुई चिमट्यानं लोट्यात टाकली. लोटा एका हातानं जेवढा दूर धरता येईन तेवढा दूर धरला अन् निघाली. आत्याबाईले डब्याचं सांगतलं अन् म्हनलं, "पोरीले घेऊन मांगून ये, पन माह्याजवळ येऊ नको." असं आमी वाटेनं चाललो. पुढं मी, वीस पावलं मांगं आत्याबाई, कडेवर पोरगी. येनारे जानारे पाहत. एका गाडीवाल्यानं इचारलं, "काय वो बाई, काशीची गंगा आनली का?" मी म्हनलं, "दूर सरक भाऊ." तो हसला, पन बैल बाजूले घेतले.

वाटेत धाम नदी लागते. पान्यात बाया धुनं धुऊन राह्यल्या होत्या. मी काठावर थांबली. मांगून आत्याबाई वरडली, "टाक धामेत! टाक अन् घरी चाल! डबा तुह्यापाशी वाजला नाई म्हंते ना? मंग कोन इचारते?"

मी टाकनारच होती. खोटं कायले बोलू. दवाखान्यात नेली त चोर म्हनतीन, काम जाईन, घरात तीन बाया अन् कमावनारी एक. डोहात टाकली त कोनाच्या बापाले दिसली नसती. हात उचलला बी. धुनं धुनाऱ्या बायायचा इचार तवा मनात आला असं म्हनाले मले आवडलं असतं, पन तो नाई आला. मले एवढंच वाटलं का सुई पान्यात गेली त पोरीले काय झालं ते दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईले कशावरून समजन? त्यायले सुई दिसली पायजे, तवाच त्या औषध देतीन. मी हात खाली घेतला. त्या बायायचा इचार मंग आला. मंग त आजपावतो येते. खालच्या सात गावाले ते पानी जाये.

दवाखान्याच्या गेटात पाय ठेवला अन् तो डबा किंचाळाले लागला. कट् कट् नाई, एकसारखा, कढईत मोहरी तडतडते तसा. मास्तर चार पावलं मांगं सरला. "बाई, ठेवा, ठेवा खाली! दूर व्हा!" मंग लांब चिमटा आला, शिशाचा डबा आला, झाकन लागलं. तवा मास्तरचा डबा चूप झाला. लोट्यापाशी नेला त काहीच नाई. मास्तर म्हने लोटा चांगला हाय, घरी न्या. आमी तो कधी नेला नाई.

डॉक्टरीणबाई तिकडच्या होत्या, पुण्याकडच्या. मले समोर बसवलं. मॅनेजर बी कारकुनाले घेऊन आला. तो म्हने, "बाईनं सुई उचलून नेली असं लिहून घ्या, अंगठा घ्या."

डॉक्टरीणबाई म्हने, "घ्या. पण वरची ओळ मी सांगते ती लिहा. त्या खोलीची बादली आपण हिच्या हातात रोज दिली, आणि बादलीत काय येऊ शकतं ते हिला सांगितलं नाही."

"हळू बोला. बाहेर माणसं आहेत."

"असू देत."

कागद लिहिला का नाई मले मालूम नाई. माहा अंगठा कोनी मांगतला नाई, काम बी गेलं नाई. डॉक्टरीणबाईनं पोरीचं डोकं उजेडात धरून पाह्यलं, गंज येळ पाह्यलं.

मी इचारलं, "बाई, आता काय होईन?"

"पंधरा-वीस दिवसांनी तेवढी जागा लाल होईल. केस जातील. ते बरं होईल."

"अन् मंग?"

त्या म्हने, "मग मला माहीत नाही."

"मोठ्या डॉक्टरले मालूम असन."

"कोणालाच माहीत नाही. कदाचित काहीच होणार नाही. किंवा वीस वर्षांनी, तीस वर्षांनी, त्याहून उशिरा, त्याच जागी काही उठेल. न भरणारी जखम दिसली तर त्याच दिवशी यायचं. त्याच दिवशी. खपली धरली म्हणून थांबायचं नाही."

मी तवा वीस-एकवीसची. तीस वर्सं म्हंजे माह्या उमरीपेक्षा जास्त. मी म्हनलं, "मंग मी किती दिवस पाहू?"

"पाहत राहा."

मंग त्यायनं सोताचे हात माह्यापुढं ठेवले. बोटायचे शेंडे सुकल्या आल्यासारखे, भेगाळलेले, नखं उभी चिरलेली. "हे त्या सुयांनीच. मी जाणून करते. तुला न सांगता झालं. मला याचं वाईट वाटतं." डॉक्टर मानसानं असं म्हनलेलं मी आदी ऐकलं नवतं, मंग बी कधी नाई ऐकलं. पुढं त्यायचं एक बोट कापलं असं ऐकलं. त्या बदली होऊन गेल्या.

अठराव्या दिवशी पोरीच्या उजव्या कानामांगं लाल झालं. मंग केस गेले, कलदार रुपयाएवढे. आळीतल्या बाया म्हनत, चाई पडली. लसून घासा, जास्वंद लावा. आत्याबाईनं कोनाले लसून घासू देला नाई. त्या दिवसापासून घरात इळा खुंटीवर वर टांगला गेला, अन् कोनाच्या बाळंतपनाले ते गेली त लोखंडाचं नाव तिनं काढलं नाई. मरताना चार दिवस आदी मले म्हने, "मीच म्हनलं होतं वो ठेव म्हनून." मी म्हनलं, "शिवली मी." तिनं मान फिरवली.

तो म्हातारा मले सहा-सात महिन्यानं भेटला. हौदावर होती मी. पंचा बांधलेला एक बुढा तुरीच्या शेंगायचं गाठोडं घेऊन आला. बोलनं बोबडं, अर्धं समजे.

"सुई सापडवनारी तूच का वो माय?"

"हो."

"ते माह्या जिभेतली होती. झोपेत ओढली म्हंतेत मी. जीभ बरी झाली पाय." त्यानं लहान लेकरासारखी जीभ बाहेर काढून दाखवली. एका बाजूनं आखडलेली, पन लाल, चांगली. "पह्यले लांब होती. आता घरची खूस हाय, म्हंते, अर्धंच बोलनं ऐकाव लागते."

बाजूची जुनी बाई हसली. मले हसू नाई आलं. त्यानं शेंगा ठेवल्या, हात जोडले. चार लेकरं होती त्याले, लहानी पोरगी लग्नाची. वैद्यानं दिवाळी पाहनार नाई म्हनलं होतं, अन् हा दोन कोस चालत तुरीच्या शेंगा घेऊन आलता. मले त्याचा राग आला. त्याच्यावर कायचा राग, पन आला. घरी येऊन शेंगा शिजवल्या. खाल्ल्या बी. पुढं पंधरा वर्सं तो जगला. दर साली शेंगा आनून दे, अन् दर साली मी मनात एका पारड्यात त्याची जीभ ठेवो, एका पारड्यात पोरीच्या कानामांगची जागा. काटा कधी थांबला नाई. त्याच्यासाठी ते सुई नको होती असं मी म्हनू शकत नाई. ते माह्या घरी यावी असं बी म्हनू शकत नाई.

पोरगी वाढली. शायेत गेली, माह्यापेक्षा जास्त शिकली, सातवीपर्यंत. दर रविवारी मी तिचं डोकं धुवो अन् त्या जागेवरून बोट फिरवो. गुळगुळीत, थंड, दोऱ्यासारखी एक बारीक शीर तिथं. ताप आला का पह्यले तठी हात. डोकं दुखलं म्हनलं का दिवा जवळ घेऊन पाहो. ते म्हने, "माय, तुही बोटं थंडी लागतेत." मी म्हनो, "ऊ पाहून राह्यली." तिले मी सांगतलं चाई पडलती. लग्नाच्या येळी पाव्हन्यायले बी तेच सांगतलं. आंबाडा त्या अंगाले घालाची सवय लावली तिले, झाकून जाये. तिले पह्यलं लेकरू झालं तवा मी लेकराचे हातपाय बोटं मोजले, आनि मंग त्याचं बी डोकं पाह्यलं. सांगनारं कोनी नवतं, सुई आईपाशी थांबते का पुढं जाते.

सांगाचं मनात येई. पन मी म्हनो, सांगून काय होईन? माह्यासारखी ते बी रोज पाहीन. एकीचं आयुष्य यात गेलं ते पुरे. नाई समजलं त हसते, जेवते, झोपते. असं करत करत वीस वर्सं गेली. तीस गेली. चाळीस गेली. दर दहा वर्सानं मले वाटे, आता टळलं. अन् त्याच रात्री डबा ऐकू ये. चुलीत ओली काडी टाकली तरी, घड्याळ जरा मोठ्यानं वाजलं तरी. कट्. कट्.

आता पोरगी साठीकडे झुकली. नवरा नाई तिचा, मी तिच्यापाशीच राह्यते. मांगच्या साली एक दिवस ते म्हने, "माय, कानामांगं कंगवा लागला वाटते. खपली निघते अन् पुन्हा धरते." मी पाह्यलं. मोतीबिंदूच्या डोळ्यायले जेवढं दिसते तेवढं. मुंगी चावल्याच्या पुटकुळीएवढं, कडेले चमकदार.

त्याच दिवशी यायचं, असं सांगतलं होतं मले. मी महिनाभर चूप राह्यली. कंगवाच असन, म्हनलं. एवढी वर्सं वाट पाह्यली अन् आलं तवा माह्यानं तोंड उघडलं नाई.

मंग नातू आला, तिचा पोरगा. तो दूर समुद्राकडे अणूची वीज बनवतेत त्या कारखान्यात लागला हाय, भिंती बांधाच्या कामावर. जेवताना मी इचारलं, "तठी त्या सुईसारखंच असते का रे आत?"

"कोनती सुई?"

"जे न दिसता जळते."

"हो, तसंच. पन आजी, भिंत दोन मानसं आडवी झोपतीन एवढी जाडी हाय. लाखात एक येळ बी काही होत नाई. मोठमोठ्या लोकायनं हिशोब लावला."

"लाखात एक, म्हंजे एक हायच ना? ते एक कोनाचं घर?"

तो हसला. "तुह्या खोलीतला पंखा कायनं चालते, आजी? वीज पायजे का नाई?"

"पायजे. मी कुठी नको म्हनते." मले बुढ्याची जीभ आठवली. "मी एवढंच इचारते, त्या भिंतीच्या भवताल ज्या बाया राह्यतेत, त्यायले सांगतलं का, बिघडलं त काय होईन अन् किती वर्सं पाहाव लागन?"

"त्यायले कायले सांगाचं? फुकट घाबरतीन. काही झालं त पाहू."

हे शब्द माहेच होते. चाळीस-पन्नास वर्सं मी हेच बोलत आली, मनातल्या मनात.

दुसऱ्या दिवशी नातू गेल्यावर मी पोरीले आंगनात बसवलं अन् सारं सांगतलं. बाल्टी, सुई, मोहरीची उशी, लोटा, डॉक्टरीणबाईचे हात. ते तांदूळ निवडून राह्यली होती. निवडता निवडता हात थांबला.

"म्हंजे तू ऊ पाहे ते..."

"ऊ बी पाहे."

"मले सून हाय माय. साठीची झाली मी. मी सुनेले सांगो, बुढीले चाळा लागला, डोकं दिसलं का हात घालते." ते थोडी हसली. मंग हसू गेलं. "अन् महिनाभर? महिन्यापासून खपली पाहून राह्यली तू, अन् चूप?"

"भेव वाटलं."

"माहं डोकं होतं ना, माय?"

डॉक्टरीणबाईनं तरी म्हनलं होतं का वाईट वाटते. मी तेवढं बी उशिरा म्हनलं. दोन दिवस ते नुसतं जेवन वाढे, ताट सरकवे, बस.

मंग मोठ्या दवाखान्यात गेलो. कापून काढलं. डॉक्टर पोरगा चांगला होता. म्हने, हळू वाढनाऱ्या कॅन्सरची जात हाय, पूर्न निघाली वाटते, दर सहा महिन्यानं दाखवा. मी इचारलं, "बाबा, हे सुईनंच झालं का?" त्यानं सारं ऐकून घेतलं. म्हने, "आजी, होऊ शकते. पन अशी गाठ उन्हानं बी होते, वयानं बी होते. नक्की कोनीच सांगू शकत नाई." म्हंजे तेच. साठ वर्सं झाली तरी तेच.

आता ते सोता पाह्यते. दोन आरसे घेतले, एक समोर, एक मांगं. सुनेले सांगून ठेवलं, नातवाले फोन करून सांगतलं. नातू म्हने, "आजीले सांग, मी साईटवर इचारतो." काय इचारते अन् कोनाले, मले मालूम नाई.

परवा आरसा हातातून सरकत होता, तिले नीट दिसे ना. ते माह्यापुढं येऊन खाली बसली, पाठ करून.

"पाय बरं माय, टाक्याच्या बाजूले. तुह्या बोटायले जास्त समजते."

मी हात धुतले, कोरडे केले, बोट फिरवलं. ती जागा मले झोपेत बी ओळखू येते. टाका भरला हाय. त्याच्या खाली, कानाकडे, दान्याएवढं खरबरीत काही लागलं.

"काय हाय?"

कंगवा म्हनाची इच्छा झाली. तोंडापर्यंत आलं.

"अठी खरबरीत लागते," मी म्हनलं. "मांगच्या रविवारी नवतं. का होतं, मले नक्की नाई सांगता येत."

ते उठली नाई. माहं बोट तिनं आपल्या बोटानं दाबून धरलं, जागा नीट समजावी म्हनून.

"उद्याच जाऊ," ते म्हने. "सकाळच्या गाडीनं."